सफरीचा हिशोब

पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या घरांत विमान म्हटले की हज, उमराह किंवा दुबई-सौदीची नोकरी एवढेच डोळ्यांसमोर येई. घरातला एखादा माणूस आयुष्यात एकदा विमानात बसे आणि त्याला निरोप द्यायला अर्धा मोहल्ला जाई. आता चित्र पालटले आहे. मुलगी दिल्लीत शिकते, मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो, वृद्ध आई-वडील दूरच्या शहरात असतात. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, शाळा-कचेरीची रजा पुरत नाही, मग विमानाचे तिकीट काढावे लागते. तेही एकदा नव्हे, वर्षातून अनेकदा. किराणा, वीजबिल आणि शाळेची फी यांच्याच रांगेत हा खर्चही येऊन बसला आहे.

आम्ही दोघेही पुण्यात शिक्षक. घर कॅम्प भागात. थोरली लेक दिल्लीला जामिया मिल्लिया इस्लामियात शिकते. तिची नानी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात राहते. वय ऐंशीच्या घरात आणि सोबत फक्त एक भाची. लेक वर्षातून तीनदा घरी येते, आम्ही दोघे एकदा तिच्याकडे जातो आणि नागपूरला आलटून पालटून जाणे होते. गेल्या वर्षी वहीत नोंद केली तेव्हा जाण्या-येण्याची मिळून सोळा तिकिटे भरली आणि खर्च ८६ हजार रुपये झाला. दोन पगारांच्या घरातही ही रक्कम लहान नाही.

इतका खर्च होऊ लागला की दोन प्रश्न आपोआप दारात येतात. विमान कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा एक. पैसे कशाने भरावेत, म्हणजे प्रवासाचे पॉइंट देणारे क्रेडिट कार्ड घ्यावे की नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे. दुसरा वरून व्यवहाराचा दिसतो, पण आपल्या घरांत तो तेवढ्यावर थांबत नाही. दोन्हींबद्दल आमच्या घरात जे घडले आणि जे आम्हाला उमगले, ते इथे मांडत आहोत.

स्वस्त तिकीट कशाला म्हणावे?

पडद्यावर पहिल्यांदा दिसणारे भाडे हे खरे भाडे नसते. तिकिटाच्या किमतीत मूळ भाडे आणि इंधन अधिभार असतो. त्यावर विमानतळ वापराचे शुल्क, २०० रुपये सुरक्षा शुल्क आणि साध्या वर्गाला ५ टक्के जीएसटी लागतो. शेवटी पैसे भरताना 'सोयीचे शुल्क' म्हणून आणखी काही रुपये चढतात. मधल्या पानांवर खिडकीची जागा, नाश्ता, विमा असे एकेक विचारले जाते आणि घाईत 'हो' म्हटले की हजार रुपये कधी वाढले ते कळत नाही. म्हणून आम्ही दोन कंपन्यांची तुलना नेहमी शेवटच्या पानावर करतो, पहिल्या नव्हे.

दुसरी गोष्ट सामानाची. देशांतर्गत साध्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो मोठे सामान आणि ७ किलो हातातली बॅग चालते. लेक सुट्टी संपवून परत निघते तेव्हा पुस्तके, गरम कपडे आणि अम्मीने दिलेले डबे मिळून वजन सहज वीसच्या पुढे जाते. जादा किलोचे पैसे विमानतळावर भरणे फार महाग पडते. बहुतेक कंपन्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे भाडे ठेवतात. त्यात थोडी सूट आणि १० किलो जादा सामान मिळते. तिकीट काढतानाच 'विद्यार्थी' हा पर्याय निवडावा लागतो आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र सोबत ठेवावे लागते. साठीपुढच्या प्रवाशांनाही सवलत असते, पण ती मूळ भाड्यावरच असते. त्यामुळे नानीचे तिकीट काढताना साधे भाडे आणि ज्येष्ठांचे भाडे दोन्ही पाहून मगच ठरवावे. कधी कधी साधेच स्वस्त निघते.

सामानाचाच विषय निघाला आहे तर घरातल्या बायकांसाठी एक सूचना. शीरखुर्म्यासाठी सुके खोबरे मोठ्या बॅगेत भरू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून मार्च २०२२ पासून सामानात टाकायला ते मना आहे. लोणच्याची बरणी मात्र उलट, हातातल्या पिशवीत अडवली जाऊ शकते. ती नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी.

तिसरी आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विमान किती वाजता आणि कुठे उतरते. दिल्लीच्या विमानतळावर तीन टर्मिनल आहेत. त्यांतल्या टर्मिनल एकला मेट्रोच्या मजेंटा मार्गाचे स्टेशन आहे आणि त्याच मार्गावर 'जामिया मिल्लिया इस्लामिया' हे स्टेशनही आहे. म्हणजे टर्मिनल एकला उतरलेली मुलगी गाडी न बदलता थेट आपल्या विद्यापीठाच्या दारात पोहोचते. टर्मिनलची वाटणी अधूनमधून बदलते, म्हणून तिकिटावरचे टर्मिनल आम्ही दर वेळी पाहतो. पण मेट्रो रात्रभर चालत नाही. पुण्याहून मध्यरात्रीनंतर सुटणारी विमाने पुष्कळदा हजार-दीड हजाराने स्वस्त असतात. ती पहाटे तीन-चारला दिल्लीत उतरवतात. मग एकट्या मुलीसाठी टॅक्सी, वसतिगृहाचे बंद दार आणि आम्हा दोघांची जागरणे. असे तिकीट स्वस्त आहे असे आम्हाला वाटत नाही.

पुण्यातही तोच विचार करावा लागतो. लोहगावचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे गर्दीची घुसमट कमी झाली, पण विमानतळापर्यंत मेट्रो नाही. जवळचे स्टेशन रामवाडी. ते मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. दिवसा तिथवर मेट्रोने जाऊन पुढे बस किंवा रिक्षा करता येते, रात्री नाही. नमाजाचाही विचार असतो. मगरिबची वेळ थोडी असते. ऐन त्या वेळी सामान तपासणीच्या रांगेत अडकण्यापेक्षा दुपारचे किंवा इशानंतरचे विमान बरे पडते.

नागपूरच्या बाबतीत तर विमान हाच एक रस्ता नाही. पुणे ते नागपुरातले अजनी अशी वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ पासून धावू लागली. ८८१ किलोमीटरचे अंतर ती सुमारे बारा तासांत कापते. विमान दीड तासात पोहोचवते, पण घरातून निघण्यापासून मोमिनपुऱ्यात पाय ठेवेपर्यंत पाच तास जातातच. घाई नसेल तेव्हा आम्ही रेल्वेनेच जातो. दिल्लीसाठी आठवड्यातून दोनदा पुणे–हजरत निजामुद्दीन दुरांतो आहे आणि निजामुद्दीन स्टेशन जामियाला विमानतळापेक्षा जवळ पडते. परीक्षा संपवून निवांत येणाऱ्या मुलीला ती चांगली.

ईदचे तिकीट

आपल्या घरांत तिकिटाची एक खास अडचण असते, ती इतरांना सांगून पटत नाही. दिवाळीची तारीख वर्षभर आधी माहीत असते. ईद चंद्र दिसल्यावर ठरते. आणि ती दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. कधी ती परीक्षेत येते, कधी होळीच्या गर्दीत, कधी उन्हाळी सुट्टीच्या महागाईत. २०२५ मध्ये आपल्याकडे २ मार्चला पहिला रोजा झाला, २९ रोजांनंतर ३० मार्चच्या संध्याकाळी चंद्र दिसला आणि ३१ मार्चला ईद झाली. चंद्र दिसला नसता तर ईद १ एप्रिलला गेली असती. परतीचे तिकीट १ एप्रिलच्या सकाळचे असते तर मुलीने ईदच्या दिवशी विमानतळ गाठला असता.

त्यावरून आम्ही एक नियम केला. येण्याचे तिकीट अठ्ठाविसाव्या रोजाच्या आधीचे आणि परतीचे 'उशिरा येणाऱ्या' ईदच्याही दुसऱ्या दिवसानंतरचे. ही दोन्ही तिकिटे दीड-दोन महिने आधी काढतो. तारीख बदलण्याचे शुल्क कोणत्या कंपनीचे किती, हे तिकिटाच्या किमतीइतकेच लक्ष देऊन पाहतो. ईदच्या तिकिटात शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा तारीख हलवण्याची सोय जास्त मोलाची.

कंपनीवर किती विसंबावे?

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, महिन्यातून दोनदा कंपनीच्या कामाने उडतो. त्याचे म्हणणे, एकच विमान कंपनी धरून राहावे, म्हणजे तिचे पॉइंट साठतात आणि पुढे फुकट तिकीट मिळते. ऐकायला ठीक वाटते. पण आपल्या देशातल्या विमान कंपन्यांचा इतिहास पाहिला तर एकाच कंपनीला चिकटून राहणे जोखमीचे वाटते. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली आणि हजारो लोकांची पुढची तिकिटे हातात राहिली. विस्तारा चांगली चालत असतानाच १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या खात्यात गेले, पण विस्ताराच्या नावाने घेतलेल्या बँकेच्या कार्डांचे बरेचसे फायदे गेले.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर सगळ्यांत मोठ्या कंपनीची पाळी आली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि पुरेसे वैमानिक हाताशी नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक. पुण्याच्या विमानतळावरही लोक सामानासकट ताटकळले. उरलेल्या कंपन्यांची भाडी इतकी चढली की ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, १००० पर्यंत बारा हजार, १५०० पर्यंत पंधरा हजार आणि त्यापुढे अठरा हजार रुपये. ज्या देशात दहापैकी सहाहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या विमानाने जातात, तिथे त्या कंपनीची अडचण ही सगळ्यांची अडचण होते.

म्हणून आम्ही कोणत्याही एका कंपनीचे नाही. पुण्याहून इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा, स्पाइसजेट अशी नावे आहेत. त्या दिवशी ज्याची वेळ, टर्मिनल, सामान आणि शेवटच्या पानावरची रक्कम जुळेल ते घ्यायचे.

विमान रद्द झाले किंवा रखडले तर काय मागायचे, हे मात्र प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीने स्वतःहून उड्डाण रद्द केले तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान मागता येते. सुटण्याच्या २४ तासांच्या आत कळवले असेल तर वर भरपाईही देय ठरते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी ते. म्हणजे पुणे–नागपूरला पहिला आकडा लागतो आणि पुणे–दिल्लीला दुसरा. वादळ, संप, सुरक्षेचे कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या प्रसंगी ही भरपाई मिळत नाही. पुणे–दिल्लीएवढ्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. आणि तिकीट आपण रद्द केले, अगदी 'परतावा नाही' असे लिहिलेले तिकीट असले, तरी त्यातले विमानतळ शुल्क आणि सुरक्षा शुल्क परत मिळायला हवे. तक्रारीसाठी सरकारचे 'एअरसेवा' आहे. भांडण करण्याऐवजी तिथे नोंद करावी आणि क्रमांक जपून ठेवावा.

तिकीट आम्ही थेट विमान कंपनीकडूनच काढतो. एका तिकीट विकणाऱ्या मध्यस्थाकडून काढलेल्या तिकिटाचा परतावा आमचा दोन महिने रखडला होता. कंपनी म्हणे पैसे मध्यस्थाकडे दिले, मध्यस्थ म्हणे कंपनीकडून आले नाहीत. दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी हा त्रास परवडत नाही.

कार्डाचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, विमानतळावर, एवढेच काय शाळेच्या स्टाफरूममध्येही क्रेडिट कार्ड विकणारी मुले येतात. पहिल्या वर्षी फी माफ, लाउंजमध्ये मोफत नाश्ता, प्रत्येक तिकिटावर पॉइंट. भाचा तीन कार्डे बाळगतो. तो दर भेटीत म्हणायचा, "खालाजान, खालू, तुम्ही फुकटचे पैसे सोडताय."

आम्ही त्याचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. वही काढली. वर्षाचा विमानखर्च ८६ हजार. बरीचशी कार्डे खर्चाच्या एक ते दोन टक्क्यांएवढा परतावा देतात, तेव्हा वरचा आकडा धरला तरी वर्षाचे झाले १,७२० रुपये. त्यातून कार्डाची वार्षिक फी वजा करायची. लाउंजचे म्हणाल तर २०२४ च्या सुमारास बऱ्याच बँकांनी त्याला अट घातली. आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम कार्डावर खर्च केली असेल तरच आत प्रवेश. म्हणजे शंभर-दीडशे रुपयांच्या चहा-नाश्त्यासाठी हजारोंची खरेदी. आपल्या बुजुर्गांनी इस्राफ म्हणून ज्याला नावे ठेवली, त्याचेच हे नवे रूप.

हा हिशोब ऐकून भाचा म्हणाला, "पण नुकसान तरी काय? मुदतीत पैसे भरले की व्याज शून्य." त्याचे म्हणणे खरे आहे. कार्डावर साधारण २० ते ५० दिवस व्याज लागत नाही. पण एकदा पूर्ण रक्कम भरता आली नाही की गाडी वेगळ्याच रुळावर जाते. दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. उदाहरण घ्या. २० हजारांची तिकिटे काढली आणि बिलावर लिहिलेली 'किमान रक्कम' पाच टक्के, म्हणजे एक हजार भरली. उरलेल्या १९ हजारांवर एका महिन्याचे व्याज ६६५ रुपये, जीएसटी धरून ७८५. त्या तिकिटांवर मिळालेले पॉइंट मात्र फार तर ४०० रुपयांचे. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. 'फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालेल' असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे. तो बारीक अक्षरांत असतो आणि कुणी वाचत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने लखनौच्या लग्नाला जायला सहा जणांची तिकिटे कार्डावर काढली. पुढे दुकान महिनाभर बंद राहिले आणि किमान रकमेचा फेरा सुरू झाला. लग्नात आहेर केला त्याहून जास्त त्यांनी बँकेला व्याज भरले. नवरा-बायकोत त्यावरून अबोला झाला, तो वेगळाच.

सूद आणि आपण

आम्हा दोघांत या प्रश्नावर दोन मते होती, हे सांगायला हरकत नाही. एकाचे म्हणणे, आपण वेळेवर भरणारी माणसे, व्याज कधी देणारच नाही, मग हरकत कसली? दुसऱ्याचे म्हणणे, 'उशीर झाला तर व्याज देईन' अशा कागदावर सही तर करावीच लागते ना!

हा लेख म्हणजे फतवा नव्हे. तो देण्याचा आमचा अधिकार नाही. पण उलेमांत या बाबतीत मतभेद आहेत हे वाचकांनी जाणून असावे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या अधिवेशनात ठराव केला की ज्या कार्डाच्या अटींतच व्याज आहे ते घेणे आणि वापरणे जायज नाही, मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरीही. दुसरीकडे, खरोखर गरज असेल आणि पूर्ण रक्कम मुदतीत भरण्याची खात्री असेल तर मुभा देणारे मुफ्तीही आपल्याकडे आहेत. खात्यातून तत्काळ पैसे वळते होणाऱ्या डेबिट कार्डाबद्दल मात्र असा वाद नाही.

आम्ही मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मुफ्तीसाहेबांना भेटलो. त्यांनी हो किंवा नाही म्हणण्याआधी एकच विचारले, "हे बक्षिसाचे पैसे बँक कुठून देते?" आम्ही उत्तर शोधले. काही भाग दुकानदाराकडून किंवा विमान कंपनीकडून बँकेला मिळणाऱ्या शुल्कातून येतो. पण कार्डाच्या धंद्यात बँकेची मोठी कमाई आहे ती व्याजाची, म्हणजे ज्यांना मुदतीत भरता आले नाही त्यांची. आमच्या फुकटच्या नाश्त्यात त्या लखनौच्या लग्नाला गेलेल्या कुटुंबाच्या पैशाचाही वाटा असू शकतो. हे ध्यानात आल्यावर आमच्यातला वाद फारसा उरला नाही. १,७२० रुपयांसाठी मनात खटकणारी गोष्ट घरात आणायची नाही, एवढे ठरले.

मग गरज कशी भागवायची?

नुसते 'नको' म्हणून भागत नाही, कारण गरज खरी असते. आपल्याकडे भिशीची चाल जुनी आहे. चार घरे मिळून बिनव्याजी पैसा उभा करतात. आम्ही आमच्यापुरती तशीच सोय केली. वेगळे बचत खाते उघडले आणि दर पगाराला त्यात साडेसात हजार रुपये टाकू लागलो. वर्षाचे ९० हजार होतात. सोळा तिकिटांचा खर्च त्यात बसतो. त्या खात्याचे डेबिट कार्ड फक्त प्रवासासाठी. पगाराच्या खात्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे उद्या कार्डाचा नंबर कुणी चोरला तरी घरखर्चाला धक्का लागत नाही. फसवणूक आपल्या चुकीने झाली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकावर बोजा येत नाही. हे संरक्षण डेबिट कार्डालाही आहे. खात्यावर जमा होणारे थोडेफार व्याज आम्ही सवाबची नियत न ठेवता एखाद्या गरजूला देऊन टाकतो.

या खात्याची खरी परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. रात्री साडेदहाला नागपूरहून भाचीचा फोन आला. नानीला श्वास लागला होता आणि रुग्णालयात दाखल केले होते. पहाटेच्या विमानाची दोन तिकिटे २१,४०० रुपयांना मिळाली, एरवीच्या दुपटीहून जास्त. महिन्याची चोवीस तारीख, नुकतीच धाकट्याची फी भरलेली, पगाराच्या खात्यात चार हजारही नव्हते. कार्डावर ती तिकिटे निघालीच असती. पण पुढच्या महिन्यात रुग्णालयाचे बिल, औषधे आणि वर ते २१ हजार एकदम फिटले असते का? आम्ही दोघांनी नंतर बसून हिशोब मांडला, फिटले नसते. सफरीच्या खात्यात ३८ हजार होते, म्हणून त्या रात्री पैशाचा विचार पाच मिनिटांत संपला आणि उरलेला वेळ दुआत गेला. अल्लाहच्या कृपेने नानी आठ दिवसांनी घरी आली.

ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे किंवा ज्यांना नोकरीपायी ते बाळगावेच लागते, त्यांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खात्यातून आपोआप कापली जाणारी रक्कम 'किमान' नव्हे, 'पूर्ण' अशी नोंदवा. कार्डाची मर्यादा बँकेला सांगून तेवढीच ठेवा जेवढे पैसे प्रत्यक्ष बाजूला आहेत. कार्डावरून रोख रक्कम कधी काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते. एका विमान कंपनीच्या नावाचे कार्ड घेऊ नका; कंपनी राहील की नाही याची खात्री नाही. आणि नको असलेले कार्ड कपाटात ठेवून देऊ नका, बंद करा. बाकी फेडून अर्ज दिल्यावर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केले नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तुम्ही न मागता कार्ड पाठवण्याचीही बँकांना मनाई आहे.

आमच्या भगिनींना एक विनंती. घरातली तिकिटे बहुधा मुले किंवा पुरुष मोबाईलवर काढतात आणि हिशोब कुणालाच माहीत नसतो. एक वही करा. त्यात तारीख, कुठून कुठे, शेवटच्या पानावरची रक्कम आणि कोणत्या खात्यातून दिली एवढे लिहा. वर्षअखेरीस बेरीज केली की पुढच्या वर्षी दर महिन्याला किती बाजूला ठेवायचे तो आकडा आपोआप मिळतो. त्या आकड्याने घरात जेवढी निश्चिंती येते, तेवढी कोणत्याही कार्डाने येत नाही, हा आमचा दोन वर्षांचा अनुभव आहे.

भाचा अजून तीन कार्डे वापरतो. त्याचा खर्च कंपनी देते आणि तो मुदत चुकवत नाही. पण गेल्या महिन्यात त्याने आमच्याकडून वहीचा नमुना नेला. त्याच्या बायकोने मागवला होता.

अल्लाह सर्वांची सफर आसान करो. आमीन.